तान्ह्या बाळाला रिफ्लक्सचे औषध कसे द्यावे

माझी मुलगी सात आठवड्यांची असताना बालरोगतज्ज्ञांनी तिला रिफ्लक्सचे, म्हणजे पोटातले दूध पुन्हा वर येण्यावरचे, औषध लिहून दिले. दवाखान्यातून निघताना सगळे समजले असे वाटले होते; घरी येऊन बाटली हातात घेतली तेव्हा प्रश्न सुरू झाले. दूध पाजण्याआधी द्यायचे की नंतर, चमच्याने द्यायचे की ड्रॉपरने, आणि औषध पोटात गेल्या गेल्या तिने गुळणी टाकली तर ते पुन्हा द्यायचे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवर नव्हते. पुढच्या चार महिन्यांत ही उत्तरे एकेक करून मिळाली आणि एकदा मोठी चूक होता होता टळली. ते सगळे येथे क्रमाने मांडते आहे. मी डॉक्टर नाही. कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे तुमच्या बाळाला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते, त्यामुळे या लेखात कोणतीही मात्रा सुचवलेली नाही. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा बाळाच्या पोटात नेमकी तेवढीच कशी जाईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. औषध खरोखर लागते आहे का, हे आधी विचारा

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली स्नायूंची वळी तान्ह्या बाळात पुरती पक्की झालेली नसते, त्याचा आहार सगळा पातळ असतो, आणि दिवसाचा बहुतेक वेळ ते आडवे असते. त्यामुळे दूध वर येणे हे त्या वयात स्वाभाविकच आहे. तीन-चार महिन्यांची निम्म्याहून अधिक बाळे दिवसातून एकदा तरी गुळणी टाकतात, आणि वर्ष-सव्वा वर्षापर्यंत बहुतेकांचे हे आपोआप थांबते. वजन नीट वाढत असेल, बाळ दूध आवडीने पीत असेल आणि गुळणी टाकून पुन्हा हसत असेल, तर कपडे वारंवार बदलावे लागतात एवढाच त्रास असतो. अशा बाळाला औषध लागत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बाल-पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच म्हटले आहे: एरवी निरोगी असलेल्या बाळाच्या केवळ रडण्यासाठी किंवा केवळ दिसणाऱ्या गुळण्यांसाठी आम्ल कमी करणारी औषधे देऊ नयेत.

वजन वाढत नसेल, दूध पिताना बाळ कमान करून रडत असेल, दोन घोटांनंतर तोंड फिरवत असेल, तर मात्र डॉक्टर उपचाराचा विचार करतात. त्या वेळी दोन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला, गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असू शकेल का? तिची लक्षणे रिफ्लक्ससारखीच दिसतात, आणि ती तपासण्यासाठी आईच्या आहारातून दूध व दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पाहतात किंवा वरचे दूध बदलून पाहतात. दुसरा, दूध पाजण्याच्या पद्धतीत काही बदल करून आधी पाहता येईल का? थोडे थोडे दूध अधिक वेळा देणे, मध्येच थांबून ढेकर काढणे, पाजल्यानंतर वीस-तीस मिनिटे बाळाला खांद्यावर उभे धरणे, दूध पाजल्यावर लगेच मालिश न करणे, लंगोट पोटावर आवळून न बांधणे आणि घरात विडी-सिगारेटचा धूर होऊ न देणे, एवढ्यानेच अनेक बाळांना बराच आराम पडतो.

झोपेबाबत एक सूचना येथेच देते, कारण ही चूक फार प्रेमाने केली जाते. दूध वर येऊ नये म्हणून डोक्याखाली उशी ठेवणे, पाळण्याचे डोके उचलणे किंवा बाळाला पालथे झोपवणे सुरक्षित नाही. रिफ्लक्स असलेल्या बाळालाही सपाट, टणक अंथरुणावर उताणेच झोपवावे. डोक्याला आकार यावा म्हणून वापरली जाणारी मोहरीची उशीसुद्धा झोपेच्या वेळी काढून ठेवावी.

पुढील खुणा दिसल्या तर मात्र औषधाचा गुण येण्याची वाट पाहू नका, तत्काळ डॉक्टरांकडे जा:

- हिरवी किंवा गडद पिवळी उलटी. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ
- प्रत्येक दुधानंतर पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी, विशेषतः दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात (जठराचे तोंड अरुंद झाल्याने असे होऊ शकते, आणि त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते)
- पोट फुगून घट्ट होणे, शौचात रक्त
- टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली दिसणे, लघवी फार कमी होणे
- तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप
- श्वास थांबल्यासारखा होणे, ओठ निळे पडणे, बाळ मलूल होऊन न उठणे

२. दवाखान्यात जाताना आणि औषध सुरू करताना काय जवळ हवे

कागदपत्रांमध्ये माता व बाल संरक्षण कार्ड सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यावर वजनाचा आलेख असतो, आणि रिफ्लक्सच्या बाबतीत डॉक्टर सर्वांत आधी वजनच पाहतात. त्याबरोबर प्रसूतीच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड (बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर ते फारच महत्त्वाचे), आधीच्या सर्व चिठ्ठ्या, आणि सध्या बाळाला व आईला सुरू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी ठेवा. आईची औषधे लिहायला अनेक जण विसरतात. दूध वाढावे म्हणून आईला कधी कधी डोम्पेरिडोन दिलेले असते, आणि तेच औषध रिफ्लक्ससाठी बाळाला लिहिताना डॉक्टरांना ते ठाऊक असायला हवे. बाळ दूध पिताना कमान करते किंवा खोकते त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवा. दवाखान्यात नेमके ते शांत झोपलेले असते.

घरात पुढील साधने लागतात:

- १ मिलीची आणि २ किंवा ५ मिलीची, सुई नसलेली सिरिंज, शक्यतो तोंडाने औषध देण्यासाठीचीच
- लहान काचेची किंवा स्टीलची वाटी, उकळून गार केलेले पाणी
- लाळेरे, दुपटे
- बाटलीवर तारीख लिहिण्यासाठी पेन, आणि नोंदीसाठी एक वही

३. चिठ्ठी डॉक्टरांसमोरच वाचून घ्या

डॉक्टरांच्या टेबलासमोरून उठण्यापूर्वी चिठ्ठी मोठ्याने वाचा आणि पाच गोष्टी स्वतःच्या अक्षरात लिहून घ्या: औषधाचे नाव, एका वेळी किती मिलिग्रॅम, म्हणजे किती मिली, दिवसातून किती वेळा, आणि किती दिवस. मिलिग्रॅम आणि मिली हे दोन्ही आकडे हवेत, कारण मिलिग्रॅम म्हणजे औषध आणि मिली म्हणजे ते ज्यात विरघळले आहे तो द्रव. चिठ्ठीवर नुसते ‘अर्धा मिली’ किंवा ‘पाच थेंब’ असे असेल, तर मिलिग्रॅमचा आकडा नम्रपणे मागून घ्या. आजवर एकाही डॉक्टरांनी याबद्दल नाराजी दाखवल्याचा अनुभव मला नाही.

चिठ्ठीवरील बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, ओडी म्हणजे एकदा, आणि एसओएस म्हणजे गरज पडेल तेव्हाच. १-०-१ म्हणजे सकाळी आणि रात्री. ‘जेवणाआधी’ असे लिहिले असेल तर दर दोन तासांनी दूध पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हेही विचारून घ्या. आमच्या डॉक्टरांनी सकाळचे पहिले दूध आणि त्याआधी अर्धा तास, असे स्पष्ट सांगितले तेव्हाच तो गोंधळ मिटला. दशांश चिन्हाकडे विशेष लक्ष द्या. ०.५ लिहिताना पुढचे शून्य राहिले आणि टिंब पुसट असले, तर अर्ध्याचे पाच होतात.

निघण्यापूर्वी आणखी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे त्याच चिठ्ठीच्या मागे लिहा: औषध ओकले तर काय करायचे, वेळ चुकली तर काय करायचे, आणि किती दिवसांत फरक दिसायला हवा.

४. दुकानात बाटलीवरचा आकडा पडताळा

या लेखातील एकच पायरी लक्षात राहणार असेल तर ती ही असावी. एकाच औषधाचे, एकाच नावाचे दोन प्रकार दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात: पातळ औषध आणि थेंब. दोन्ही लहान मुलांसाठीच असतात, पण त्यांची तीव्रता सारखी नसते. आपल्याकडे मिळणाऱ्या डोम्पेरिडोनच्या पातळ औषधात साधारणपणे १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते, तर त्याच्याच थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम असते. केवळ हिशेब समजावा म्हणून सांगते: डॉक्टरांनी १ मिलिग्रॅम लिहिले असेल, तर पहिल्या बाटलीतून १ मिली घ्यावे लागेल आणि दुसरीतून केवळ ०.१ मिली. बाटली बदलली आणि सवयीने १ मिलीच भरले, तर बाळाला दहापट औषध जाईल.

आमच्याकडे नेमके हेच होणार होते. पहिली बाटली संपली तेव्हा यजमानांनी संध्याकाळी घाईत दुकानात जाऊन औषधाचे नाव तोंडी सांगितले. पातळ औषध संपलेले होते, म्हणून दुकानातून थेंबांची बाटली दिली गेली. घरी आल्यावर मी सिरिंजमध्ये नेहमीप्रमाणे औषध भरत होते. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, या वेळची बाटली एवढीशी कशी? आणि हिला रबराचं बोंड कशाला?” त्यांना लेबलावरचे इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनी पाहिले होते ते बाटलीचे रूप. मी सिरिंज खाली ठेवली, लेबलावरचे बारीक अक्षर मोबाइलचा दिवा लावून वाचले, आणि तिथे एकाऐवजी दहा लिहिलेले होते. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ती बाटली परत करायला सांगितले, आणि त्या रात्री औषध न देता सकाळी दुसऱ्या दुकानातून योग्य बाटली आणली. त्यानंतर आमच्या घरी एक नियम झाला: नवी बाटली आली की दोघांनी मिळून लेबल वाचायचे, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने चिठ्ठीशी ताडून.

म्हणून दुकानात नुसते नाव सांगू नका, चिठ्ठी दाखवा. आधीची रिकामी बाटली किंवा तिचा फोटो सोबत न्या. ‘हे नाही, पण तेच आहे’ असे सांगून दुसऱ्या कंपनीची बाटली दिली, तर १ मिलीमध्ये किती मिलिग्रॅम हे पाहिल्याशिवाय घेऊ नका; काही लेबलांवर हा आकडा ५ मिलीचा दिलेला असतो, तेव्हा पाचने भागावे लागते. वापराची शेवटची तारीख पाहा, आणि बाटली फोडल्यावर किती दिवस टिकते व फ्रिजमध्ये ठेवायची का, हे विचारा. माहेरी किंवा गावी जाताना औषध आणि चिठ्ठी दोन्ही बरोबर घ्या. तिथल्या दुकानात वेगळीच बाटली मिळण्याची शक्यता जास्त असते.

मोठ्या भावंडाच्या वेळची उरलेली बाटली वापरू नका. ती रॅनिटिडीन या आम्ल कमी करणाऱ्या औषधाची असेल तर मुळीच नाही. त्या औषधात कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारी अशुद्धी आढळल्यामुळे एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढून घ्यायला सांगितले होते.

५. औषधाचा प्रकार समजून घ्या, म्हणजे वेळ आणि कृती आपोआप समजेल

डोम्पेरिडोन हे जठर लवकर रिकामे व्हावे म्हणून दिले जाते, त्यामुळे ते बहुधा दुधाआधी द्यायला सांगतात. बाटली दरवेळी नीट हलवून घ्यावी, कारण औषध तळाशी बसते आणि न हलवता घेतले तर सुरुवातीच्या दिवसांत कमी व शेवटी जास्त औषध जाते. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याच्या धोक्यामुळे युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये या औषधाच्या वापरावर मर्यादा घातल्या. आपल्याकडे ते अजूनही लिहिले जाते, म्हणून ते का दिले आहे आणि किती दिवसांनी थांबवायचे आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके किंवा बुरशीवरचे फ्लुकोनाझोल त्याच्याबरोबर दिले तर हा धोका वाढतो. खोकल्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे गेलात, तरी बाळाला काय सुरू आहे ते सर्वांत आधी सांगा.

ओमेप्राझोल, एसोमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल ही औषधे जठरात आम्ल तयार होणे कमी करतात. ती गुळण्या थांबवत नाहीत. वर येणाऱ्या दुधाची आंबट जळजळ कमी करतात. हे आधी माहीत नसेल तर आठवड्याने ‘औषधाचा उपयोग नाही’ असे वाटून मात्रा वाढवण्याचा मोह होतो, तो टाळावा. ही औषधे साधारणपणे दिवसाच्या एका ठरावीक दुधाआधी अर्धा तास देतात, आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात.

या गटातली खरी अडचण मोजण्याची आणि विरघळवण्याची आहे. ही औषधे आम्लात टिकत नाहीत, म्हणून त्यांच्या बारीक कणांवर लेप दिलेला असतो. तो कणांना जठरातून सुखरूप नेतो आणि पुढे आतड्यात विरघळतो. हे कण खलात कुटले, दोन चमच्यांमध्ये चुरडले, किंवा मोठ्या माणसाच्या गोळीची पूड करून पुड्या बांधल्या, तर लेप मोडतो आणि औषध जठरातच निकामी होते. दुधातही ते कालवू नये, कारण दूध फारसे आंबट नसते आणि त्यात लेप आधीच विरघळू लागू शकतो, शिवाय बाळाने सगळे दूध संपवले नाही तर किती औषध गेले ते कळत नाही. एसोमेप्राझोलच्या पुडीतील कण सांगितलेल्या मापाच्या पाण्यात टाकून दोन-तीन मिनिटे ठेवले की मिश्रण दाटसर होते; ते पुन्हा ढवळून अर्ध्या तासाच्या आत द्यायचे असते. तोंडात विरघळणारी लॅन्सोप्राझोलची गोळी सिरिंजमध्येच थोड्या पाण्यात विरघळवतात, हलक्या हाताने हलवतात आणि पंधरा मिनिटांच्या आत देतात. मग सिरिंजमध्ये पुन्हा थोडे पाणी घेऊन तळाशी राहिलेले कण देतात. बाळाला गोळीचा काही भागच द्यायचा असेल, तर नेमके किती पाणी घालायचे आणि त्यातले किती मिली काढायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. कण तळाशी बसतात, म्हणून माप घेण्याच्या क्षणी ते ढवळलेले असलेच पाहिजे.

ही आम्लरोधक औषधे दीर्घकाळ दिल्यास जुलाबाचे आणि छातीचे संसर्ग वाढू शकतात, म्हणून ती बहुधा चार ते आठ आठवड्यांसाठीच देतात आणि मग पुन्हा तपासणी करतात.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी आईबापांना अनेकदा अल्जिनेटची पुडी मिळते. ती वरच्या दुधात मिसळतात. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून चमच्याने देतात. दूध दाट करणाऱ्या इतर पावडरीबरोबर ती देऊ नये.

६. माप घ्या

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. आपल्या घरातले दोन चमचेही सारखे नसतात, आणि बोंडल्याला माप नसतेच. प्रत्येक बाटलीचा ड्रॉपर त्याच बाटलीचा असतो; ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा ड्रॉपर रिफ्लक्सच्या औषधाला वापरला तर त्यावरची रेघ काहीच सांगत नाही.

दुकानात सिरिंज मागितली की बहुधा इंजेक्शनची मिळते. तिची सुई दुकानातच काढून तिथेच टाकायला सांगा, आणि तोंडावरचे लहान टोपण घरी आल्या आल्या फेकून द्या, कारण औषध देताना ते सुटून बाळाच्या घशात अडकू शकते. इन्सुलिनची सिरिंज मात्र कधीही घेऊ नका. तिच्यावर मिली नसून युनिट लिहिलेले असतात, आणि आपल्याकडच्या अनेक सिरिंजवर १ मिली म्हणजे ४० युनिट असा हिशेब असतो.

औषध ओढल्यावर सिरिंज उभी धरून टिचकी मारा, हवेचा बुडबुडा वर आला की हलकेच बाहेर काढा. मात्रा ०.३ मिली असेल तर एक बुडबुडासुद्धा बराच फरक करतो. सिरिंज डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि दट्ट्याची वरची, म्हणजे औषधाला टेकलेली कड रेघेशी जुळवा. योग्य रेघेवर बाहेरून टिकाऊ शाईची खूण करून ठेवली तर घरातल्या प्रत्येकाला सोयीचे होते, पण मात्रा बदलली की ती सिरिंज टाकून नवी घ्या.

७. बाळाला औषध पाजा

पूर्वी बाळाला आंघोळीच्या वेळी लांब केलेल्या पायांवर आडवे घेऊन, नाक चिमटीत धरून बोंडल्याने गुटी पाजत. रिफ्लक्स असलेल्या बाळाला औषध असे पाजणे धोक्याचे आहे: डोके खाली असते, घसा उघडा असतो, आणि औषध श्वासनलिकेत जाऊ शकते.

बाळाला दुपट्यात सैलसर गुंडाळा, म्हणजे हात मध्ये येत नाहीत. डाव्या हाताच्या कोपराच्या खळीत डोके येईल असे अर्धवट उभे धरा. सिरिंजचे टोक जिभेवर ठेवू नका. ओठाच्या कोपऱ्यातून आत नेऊन गालाच्या आतल्या बाजूला, हिरड्या आणि गाल यांच्यामध्ये टेकवा. दट्ट्या एकदम दाबू नका. थेंबभर ढकला, थांबा, बाळाचा गळा हलून घोट गेलेला दिसू द्या, मग पुढचा थेंब. माझी मुलगी पहिल्या थेंबाला भुवया उंचावून थांबायची, जीभ बाहेर काढायची, आणि औषधाची पांढरी रेघ ओठाच्या कडेने हनुवटीकडे निघायची. ती बोटाने नव्हे, सिरिंजच्याच टोकाने टिपून पुन्हा गालात सोडावी. एक मिलीला एक-दीड मिनिट लागले तरी चालेल.

बाळ जोरात रडत असताना औषध देऊ नका. रडताना ते खोल श्वास ओढते, आणि औषध त्याच श्वासाबरोबर आत जाते. खांद्यावर घेऊन शांत करा, मग द्या. पूर्ण झोपेत असतानाही तोंडात औषध सोडू नका.

चव लपवण्यासाठी मध लावू नका. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच द्यायचा नसतो, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी मधात उगाळण्याची पद्धत असेल तर तीही सोडावी. वेखंड, जायफळ, मुरडशेंग उगाळलेली गुटी किंवा ग्राइप वॉटर सुरू असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणे सोपे नसते. मी सासूबाईंना पुढच्या तपासणीला बरोबर नेले आणि त्यांचे प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारले. त्यानंतर सहाण कपाटात गेली. तांदळाची पेज किंवा नाचणीचे सत्त्व घालून दूध दाट करणे हाही एक उपचारच आहे, तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नये.

झाल्यावर सिरिंज सुटी करून गरम साबणाच्या पाण्याने धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा, आणि सुटीच वाळत ठेवा.

८. ओकले, विसरले किंवा जास्त गेले तर

औषध दिल्यावर बाळाने थोडी गुळणी टाकली तर मात्रा पुन्हा देऊ नका. बहुतेक औषध पोटात राहिलेले असते. लगेच मोठी उलटी झाली तर तिसऱ्या पायरीत लिहून घेतलेल्या सूचनेप्रमाणे वागा. ती घेतली नसेल, तर आधी फोन करा आणि मग ठरवा. अंदाजाने अर्धी मात्रा देणे टाळा, कारण पुढच्या वेळी तुम्हालाच आठवत नाही की एकूण किती गेले.

वेळ चुकली आणि पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्या. दोन मात्रा एकत्र कधीही देऊ नका. एकाच घरात आई, बाबा, आजी असे तिघे औषध देत असतील तर दोनदा दिले जाण्याची भीती असते, म्हणून फ्रिजच्या दारावर कागद चिकटवून, औषध देऊन झाल्याबरोबर वेळ आणि देणाऱ्याचे नाव लिहावे. आधी लिहून मग देऊ नये.

मात्रा जास्त गेल्याचे लक्षात आले तर उलटी काढण्याचा प्रयत्न करू नका. बाटली, सिरिंज आणि चिठ्ठी हाताशी घेऊन त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करा, आणि किती मिली गेले ते आकड्यात सांगा. बाळाला विलक्षण गुंगी येणे, मान किंवा डोळे एका बाजूला खेचले जाणे, अंग ताठ होणे किंवा श्वासाला त्रास होणे, यांपैकी काही दिसले तर महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. चूक आपली झाली या भीतीने सांगायला उशीर करू नका; अशा वेळी कोणीही डॉक्टर आधी बाळाकडेच पाहतात.

९. नोंद ठेवा, वजन करा, आणि औषध ठरल्या दिवशी थांबवा

वहीत रोज चार रकाने पुरतात: औषधाची वेळ, दूध किती वेळा प्यायले, उलट्या किती आणि कशा, ओले लंगोट किती. रडण्याबद्दल नुसते ‘खूप’ असे न लिहिता कधी आणि किती मिनिटे ते लिहा. आमच्या वहीत तिसऱ्या आठवड्यात गुळण्या तेवढ्याच होत्या, पण दूध पिताना कमान करून रडणे दिवसातून सहा वेळांवरून एकदोन वेळांवर आले होते. वही नसती तर ते मला कळले नसते.

औषधाची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, आणि या वयात वजन झपाट्याने बदलते. प्रत्येक तपासणीला त्याच काट्यावर, शक्यतो कपड्यांशिवाय वजन करून घ्या, आणि मात्रा तीच ठेवायची की बदलायची हे विचारा. वजन वाढले म्हणून स्वतः मात्रा वाढवू नका. पुष्कळदा डॉक्टर ती मुद्दाम तशीच ठेवतात, म्हणजे वाढत्या वजनाबरोबर औषध आपोआप कमी होत जाते.

ठरलेले आठवडे संपले की पुढची बाटली आणण्याआधी डॉक्टरांना भेटा. काही औषधे एकदम थांबवतात, काही हळूहळू कमी करतात. ते त्यांनाच सांगू द्या. थांबवल्यानंतर पहिले काही दिवस त्रास थोडा वाढल्यासारखा दिसला तर नोंद ठेवून कळवा, उरलेली बाटली पुन्हा उघडू नका. सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झालेल्या उलट्या, किंवा दीड वर्षापर्यंत टिकलेल्या गुळण्या, यांची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते.

बाटलीत औषध उरले असेल तर ते पुढच्या बाळासाठी किंवा शेजारच्या घरातल्या बाळासाठी जपून ठेवू नका. लेबलावरचे नाव काळ्या शाईने खोडा, औषध चहाच्या चोथ्यात मिसळून पिशवीत बंद करून कचऱ्यात टाका, आणि खूण केलेली सिरिंजही त्याबरोबरच टाकून द्या.